द्वारकाची बिनएसीची खोली

मी गवंडी माणूस. काटेवाडीचा गेणू. तीस वरसं हातात थापी हाय, आन् तीस वरसांत मला एकाबी गिऱ्हाइकानं "तात्या, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?" आसं तोंडावर इचारलं न्हवतं. द्वारकानं इचारलं. पयल्याच दिवशी, चहाचा कप माझ्या हातात असताना.

शहाण्णव सालची दिवाळी नुकती उरकली हुती. कळसचा राम मला बोलवायला काटेवाडीला आला. राम म्हंजी द्वारकाचा नवरा, लोणी देवकरला एका कारखान्यात पाळीवर जाणारा, गरीब सभावाचा गडी. घराला लागून पत्र्याची एक खोली हाय म्हणला, दहा बाय बाराची, तिचं बायकोसाठी हापिस करायचंय. म्या इचारलं, घरात कसलं रं हापिस? तर म्हणला, तिला संगणक मिळणार हाय, ती घरी बसून टायपाचं काम करणार. मी मनात म्हणलं, बरं झालं, गिऱ्हाईक शिकलेलं हाय, झकास स्लॅब टाकू. एसटीत बसल्या बसल्या मी सळई, खडी, सिमेंट सगळं डोक्यात भरून ठेवलं.

कळसला पोचलो तर ही बया दारात उभी. तिशीतली, आंगानं किडकिडीत, डोक्यावर पदर, कानामागं पेन्सिल. म्या पत्र्याकडं बघून स्लॅबचं बोलायला तोंड उघडलं, तवर तीच म्हणली, "तात्या, स्लॅब न्हाय टाकायचा."

"मंग काय टाकायचं? आभाळ?"

"वर पत्रा हाय त्योच राहू द्या. त्याच्या खाली हातभर जाडीचं उसाचं पाचट. पाचटाखाली बांबूच्या तट्ट्या, आन् तट्ट्यांना खालनं माती-शेणाचा लेप. भिंती मातीच्या, दीड हात रुंद."

मला हसूच आलं. "आगं बाई, सारं जग मातीतनं सिमेंटात चाललंय आन् तू उलटी निघालीस व्हय?"

"तुमचं घर सिमेंटाचं हाय न्हवं?"

"व्हय तर! सळई घालून स्लॅब टाकलाय. माझ्या हातानं."

"मंग उनाळ्यात कुठं झोपता?"

उनाळ्यात माझी बाज आंगणात लिंबाखाली असती. आमच्या आळीत सगळ्यांचीच असती. म्या चहाकडं बघत म्हणलं, "आंगणात."

"म्हंजी घर बांधायचं आन् बाहेर झोपायचं. तात्या, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?"

कप तितंच ठेवून मी उठणारच हुतो. खरं सांगतो, मला लई राग आला. पर आतनं तिची सासू, साखरबाई, म्हणली, "गेणू, बस. तिची जीभ तिखट हाय, पर पोरगी खोटं बोलत न्हाय." म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायला मी बसलो, आन् बसलो ते आडकलोच.

ह्या द्वारकाचं जरा सांगायला पायजे. धनगराची लेक, धनगराचीच सून. तिचा बाप मेंढरं घेऊन दिवाळी झाली की कोकणच्या वाटंला लागायचा, आन् पाऊस तोंडावर आला की माघारी. तिनं म्हणं बाराव्या वरसापतुर मेंढरांमागं वाट तुडवली. मंग मामाकडं राहून धाव्वी केली, बारामतीत टायपिंग शिकली, आन् तितंच एका वकिलाकडं टायपिस्ट म्हणून लागली. रोज सकाळी एसटीनं कळस ते बारामती, सांजच्याला परत. गाडी चुकली की घरी यायला रात.

आन् घरात साखरबाई एकटी. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं आपरेशन बिघडलेलं, दुसऱ्याला ती हात लावू देत न्हवती. एक दिवस राम पाळीवर, द्वारका बारामतीला, आन् म्हातारी चुलीवरचं आधण उतरवाया गेली. उजवा हात कोपरापतुर भाजला. सांजच्याला द्वारका आली तवर ती तशीच हात पाण्याच्या बादलीत घालून बसलेली. शेजारणीला हाकसुद्धा मारली न्हाय, लोक सुनंला नावं ठेवतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी द्वारकानं वकिलाची नोकरी सोडली.

तर आसं हुतं सगळं. बारामतीतली एक संस्था गावच्या बायांना कामासाठी संगणक द्यायची. वरीसभर वापरायचा, काम नीट चाललं तर मशीन बाईचं. द्वारकाचं नाव लागलं. ते मशीन घरात टिकलं तर ती घरात, सासूच्या डोळ्यांसमोर, म्हंजी सासू तिच्या डोळ्यांसमोर. मशीन गेलं तर परत ती एसटी, आन् म्हातारी परत चुलीपाशी एकटी. एवढंच हुतं, पर एवढंच तिचं सगळं हुतं.

आन् त्या संस्थेच्या कागदावर एक अट हुती. मशीन ठेवायच्या खोलीत एसी पायजे. म्या ते वाचलं आन् म्हणलं, "आगं मंग सोपंय की. स्लॅब टाकू, एसी बसव. ही मातीची थेरं कशाला?"

तवा ती मला हाताला धरल्यावानी रस्त्यावर घेऊन गेली आन् चौकातली डीपी दाखवली. लाईटीची डीपी हो, खांबावरची. "ही डीपी दर उनाळ्यात जळती. जळली की आठ-आठ दिवस आळीत आंधार, हिरीवरच्या मोटारी बंद, बायाबापड्या घागरी घेऊन वणवण. त्यात मी एसी लावू? माझी एक खोली गार करायला साऱ्या आळीचं पाणी तोडू? आन् आधी पत्र्याखाली, स्लॅबाखाली भाजून घ्यायचं, आन् मंग मशीन लावून ते भाजलेलं गार करायचं, ह्याला काय अर्थ हाय? खोली तापूच द्यायची न्हाय!"

"पर कागदावर लिवलंय—"

"कागद माणसानंच लिवलाय. एसीची अट बी माणसानंच घातलीय. त्याला सांगीन."

बोलण्यात दम हुता, न्हाय म्हणायचं न्हाय. तरीपण मला वाटलं, ही बाई आपटणार.

कामाला लागलो. पाचट आणायला ती माझ्याबरुबर काटेवाडीला आली. तितं तोड झाली की शेतकरी पाचट पेटवून देत्यात, ठाऊक हाय ना? दोन-दोन दिवस धूर, काळी राख उडून वाळत घातलेल्या धोतरावर. एक बागायतदार काडी वढायच्या बेतातच हुता. द्वारका बांधावरनं वरडली, "थांबा! जाळू नका, मला द्या." त्यानं इचारलं, काय करणार? "छपराला." तर हसला आन् म्हणला, "ने बाई, आमचा कचरा." तिनं लगीच म्हणलं, "तुमचा कचरा माझ्या डोक्यावर थंडावा, आन् तुमच्या धुरानं तुमच्याच नातवाला खोकला." त्यानं काडी खिशात घातली. खरंच त्याचा नातू खोकत हुता, बांधावर बसून. टरालीभर पाचट आलं. त्यात आमी लिंबाचा पाला मिसळला, उंदरं-किडे लागू नयेत म्हणून. ही युक्ती माझी हं, तिची न्हाय.

भिंतीला गावातल्या पांढरीची, म्हंजी जुन्या पडक्या घरांची माती. मशीनला धूळ चालत न्हाय म्हणून खाली मातूर शहाबादी फरशी घातली. उत्तरंला मोठी खिडकी, उजेडासाठी; दिवसा दिवा लावायचाच न्हाय आसा तिचा हट्ट. पश्चिमेला एक बारकी खिडकी, दुपारचा वारा तिकडनंच येतो म्हणून. वर भिंतीला एक झरोका, तापलेली हवा निघून जायला. पत्र्याला वरनं चुना. मी प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं आन् प्रत्येक गोष्ट केली. संक्रांतीच्या आत खोली उभी राह्यली, आन् आठवड्यात मशीन आलं.

तिचं काम बघायला मी दोनदा-तीनदा गेलो. दूधसंस्थेच्या याद्या, शाळंचे पेपर, लग्नपत्रिकेचा मजकूर, वार्षिक अहवाल. कच्च्या छपाईला कधी कोरा कागद वापरायची न्हाय, पाठकोऱ्यावर मारायची. छपाईच्या मशीनची शाई लावलेली फीत असती, ती वाळली की लोक फेकत्यात. ही बाटलीतली शाई घालून परत चालवायची, बोटं काळी करून घ्यायची. लाईट गेली तर म्हणून रामनं ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणून जोडून दिली, तिच्यावर संगणक दीड-दोन तास चालायचा. "एसी चालंल का रं ह्या बॅटरीवर?" म्या रामला इचारलं. राम म्हणला, "एसी पाच मिंटांत तिचा जीव घेईल, तात्या."

मार्चात उनं चढली. संस्थेचे जगदाळेसाहेब तपासणीला यायचं पत्र आलं, आन् आमच्या सगळ्यांची अक्कल गहाण पडली.

द्वारकाच्या डोक्यात हुतं की पश्चिमंच्या खिडकीला बाहेरनं घोंगडं टांगायचं, वर पाण्याचं मडकं ठेवायचं, मडक्यातनं सुताच्या वातीनं थेंब-थेंब पाणी घोंगड्यावर गळू द्यायचं. कोरडा वारा त्यातनं आला की गार होतो, आन् धूळ बी लोकरीत आडकती. मेंढरांमागं हिंडताना तिचा बाप आसंच ओलं घोंगडं पालाला, म्हंजी मुक्कामाच्या तंबूला, टांगायचा म्हणं. तिनं जुनं, फाटकं घोंगडं काढलं. तर साखरबाई आडवी आली.

"साहेब येणार आन् खिडकीला चिंधी? मी जित्ती हाय आजून! पाव्हण्याला आमच्यात नवंकोरं घोंगडं आंथरत्यात. नवं काढ."

नवं घोंगडं म्हातारीनं सोता सूत कातून इणकराकडनं घेतलेलं, डोळं जायच्या आधीचं शेवटचं. पेटीत जपून ठेवलेलं, करकरीत, पत्र्यासारखं ताठ. सासूचा मान म्हणून द्वारकानं तेच टांगलं. म्या सोता खुटी ठोकली आन् वर "शोभतंय हो!" म्हणलं.

आता नवं घोंगडं ताठ कशानं असतं? चिंचोक्याच्या खळीनं. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करत्यात आन् घोंगड्याला चोपडत्यात. हे धनगराच्या घरात दूधपितं पोर बी जाणतं. आन् तितं दोन धनगरणी, एक धनगर, आन् मी वर शाहणा, चौघांपैकी एकाच्याबी ध्यानात आलं न्हाय की त्याच्यावर तीन दिवस पाणी गळलं तर काय हुईल.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. जीपमधनं उतरले आन् दारातच नाकाला रुमाल. खळ आंबली हुती, आसा भपकारा सुटला हुता की सांगायची सोय न्हाय. खिडकीखाली चिकट पाण्याचं थारोळं, त्यावर मुंग्यांची रांग. ती रांग भिंतीवरनं, टेबलावरनं थेट संगणकाच्या बटणांच्या पाटीत शिरलेली. साहेबांनी एक बटण दाबलं, तर दोन मुंग्या बाहेर आल्या.

"बाई, हे काय आहे?"

द्वारका लाल झाली. पर खोटं न्हाय बोलली. "चूक झाली, साहेब. खळ धुवायची राह्यली."

"खळ? आम्ही यंत्र दिलं ते मुंग्या पाळायला नाही. दोन गावांत पत्र्याखाली तापून आमची यंत्रं जळालीत, म्हणून एसीची अट घातली. तुम्हाला कळत कसं नाही?" साहेब वाईट न्हवते बरं का, त्यांना बी वरचे इचारणारे हुते. "मे अखेरपर्यंत एसी बसवा. नाहीतर यंत्र परत."

जीप गेल्यावर साखरबाई भिंतीला टेकून रडाया लागली. "माझ्यापाई झालं. माझ्या मेलीच्या घोंगड्यापाई." द्वारका तिच्याशेजारी बसली, तिचा तो भाजलेला हात हातात घेतला आन् म्हणली, "आत्या, घोंगडं चांगलंच हाय. अक्कल आमची गेली. आता तुमीच सांगा, खळ कशी काढायची."

म्हातारीनं डोळं पुसलं. मंग काय, तीच उभी राह्यली. रिठ्याच्या पाण्यात घोंगडं भिजवायचं, पाटाच्या वाहत्या पाण्यात पायानं तुडवायचं, परत रिठा, परत पाणी. दिसत न्हवतं, पर बोटांनी लोकर चाचपायची आन् म्हणायची, "आजून हाय. चिकटंय. तुडव." पाच दिवस द्वारकानं तुडवलं. सहाव्या दिवशी म्हातारी म्हणली, "आता निस्ती लोकर राह्यली." घोंगडं परत खिडकीला टांगलं, बटणांची पाटी रामनं उघडून साफ केली. म्या लाजंखातर फुकट येऊन भिंतीचा लेप परत दिला, आन् खिडकीखाली पाणी बाहेर जायला दगडाची पन्हळ बसवली. संगणक समोरच्या पूर्वेच्या भिंतीला सरकवला, ओलाव्यापास्नं लांब.

कोंबड्यांच्या शेडवाल्याकडनं द्वारकानं तापमान मोजायची काचेची नळी मागून आणली. एक टिपण ठेवलं. रोज दुपारी दोनला बाहेर किती, आत किती. एप्रिल सरता सरता बाहेर एक्केचाळीस आन् आत तीस. म्या सोता बघितलं न्हाय तवर इस्वास ठेवला न्हवता. आतनं बाहेर आलो की तोंडावर भट्टीचं दार उघडल्यागत व्हायचं.

मे महिन्यात ती बारामतीला गेली आन् साहेबांना म्हणली, "तपासणीला गुरुवारी या. दुपारी."

साहेब म्हणले, "गुरुवारीच का?"

"गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीला लाईट बंद असती. सकाळपास्नं सांजपतुर. पंखा न्हाय, काय न्हाय. मागनं कुणी म्हणायला नको की बाईनं लपवून काय लावलं हुतं."

आता बोला! तपासणीला लोक चांगला दिवस बघत्यात, हिनं मुद्दाम वाईट दिवस मागून घेतला.

त्या गुरुवारी मी सकाळीच कळसला हजर. माझ्या हातची खोली हुती, बाबा, घरात बसून कसं जमंल? ऊन आसं की रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. दीड वाजता जगदाळेसाहेबांची जीप आली. डायवर झाडाखाली पळाला. साहेबांचा सदरा पाठीला चिकटलेला, तोंड लालबुंद. आत आले आन् दारातच थबकले. म्या त्यांच्या तोंडाकडं बघत हुतो, माझी नजर हललीच न्हाय. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आन् आपसूक खांदे खाली आले.

वास न्हाय, मुंगी न्हाय. बॅटरीवर संगणक चालू, द्वारका शाळंचा पेपर टायपत बसलेली. उत्तरंच्या खिडकीतनं उजेड. साहेबांनी नळी बघितली, बाहेर जाऊन बघितली, परत आत येऊन बघितली. बाहेर बेचाळीस, आत तीस.

"आश्चर्य आहे," म्हणले. मंग खुर्चीत बसले, पिशवीतनं छापील कागद काढला. त्यावर एक रकाना: वातानुकूलन यंत्र, आहे, नाही. 'नाही'वर खूण केली की खाली छापलेलंच हुतं: यंत्र परत घ्यावे.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आन् हळू आवाजात म्हणले, "हे बघा बाई. खोली गार आहे, मला मान्य. मी 'आहे'वर खूण करतो. वरून कोणी बघायला येत नाही. तुमचं काम होईल, माझंही होईल."

रामनं सुटकेचा श्वास सोडला. म्या बी मनात म्हणलं, सुटलो! देव पावला!

द्वारका म्हणली, "न्हाय."

"काय नाही?"

"एसी न्हाय. तर 'नाही'वर खूण करा."

"अहो, मग यंत्र परत न्यावं लागेल मला!"

राम म्हणला, "द्वारका, आगं साहेब सोताहून म्हणत्यात..." म्या बी म्हणलं, "पोरी, एका खुणंनं काय बिघडतंय? आत्याबाईंकडं तरी बघ."

तशी ती आमच्या दोघांवर उखडली. "काय बिघडतंय? उद्या कुणी गरिबाची बाई मशीन मागाया जाईल. तिला ह्येच साहेब सांगतील, कळसच्या द्वारकानं एसी बसवला, तू का न्हाय बसवत? ती कुठनं आणंल? तिच्या गावची डीपी जळंल, न्हायतर तिचं मशीन जाईल. आन् माझी ही खोली, तात्या, तुमची ही माती, आत्यांची लोकर, हे सगळं त्या कागदावर एसी म्हणून जाणार! मी राबले ती एसीचं नाव लावायला व्हय?" मंग साहेबांकडं वळली. डोळं भरलं हुतं, पर मान ताठ. "मला हे मशीन पायजे, साहेब. लई पायजे. हे गेलं तर माझी सासू घरात एकटी पडती. पर खोटं लिवून नको. न्या."

आन् तिनं खरंच बटण दाबून संगणक बंद केला. वायरी काढाया लागली.

कोपऱ्यात बसलेली साखरबाई म्हणली, "द्वारके, वाटंत धक्का लागंल. माझ्या आंथरुणातलं घोंगडं घे गुंडाळायला." एवढंच. सुनंला थांबीव म्हणून न्हाय म्हणली.

साहेबांच्या कपाळावर आठ्या. "ठीक आहे," म्हणले, "नियम म्हणजे नियम. ठेवा गाडीत." राम आन् मी ते मशीन उचलून दारापतुर नेलं. जीप उन्हात उभी. रामनं मागचं दार उघडायला कडीला हात लावला आन् "आई गं" करून मागं घेतला. आतनं आशी वाफ आली की आमी दोघंबी एक पाऊल मागं सरलो. द्वारकानं ती नळी आणून जीपमधी धरली. पारा चढत चढत अठ्ठेचाळीसला गेला.

साहेब मागनं आले. त्यांनी पारा बघितला, जीप बघितली, आमच्या हातातलं मशीन बघितलं.

"ह्यात नको," म्हणले. "बारामतीपर्यंत जाईस्तोवर जळून जाईल."

"मंग कुठं ठेवू?" रामनं इचारलं.

साहेबांनी मागं वळून खोलीकडं बघितलं. कारण साऱ्या कळसात त्या घडीला मशीन ठेवायसारखी जागा एकच हुती, आन् ती कुठली ते आमच्या चौघांनाबी ठाऊक हुतं.

"आत ठेवा," साहेब म्हणले. "ऊन उतरल्यावर नेऊ."

मशीन आत, टेबलावर. ऊन उतरायची वाट बघत साहेब बाकावर बसले. साखरबाईनं त्यांच्यासाठी घोंगडं आंथरायला लावलं, खिडकीतलं न्हवं, तिच्या आंथरुणातलं, मऊ झालेलं. साहेब आधी टेकले. मंग बूट काढले. मंग जरा लवंडले. घोंगड्यातनं वारा येत हुता, वर मडकं टप टप गळत हुतं. दहा मिंटांत साहेब घोरायला लागले. आसं घोरले, आसं घोरले, की साखरबाई तोंडावर पदर धरून हसाया लागली. द्वारका मातूर हसली न्हाय. ती मशीनपाशी बसून त्याच्यावर हात ठेवून हुती, सारा येळ.

पाच वाजता साहेब दचकून उठले. घड्याळ बघितलं. चहा दिला, त्यो प्याले. त्यो छापील कागद परत पुढ्यात घेतला. मंग 'नाही'वर खूण केली. राम खाली मान घालून वायरी गुंडाळाया लागला.

पर साहेबांचं पेन थांबलं न्हाय. खाली छापलेल्या 'यंत्र परत घ्यावे' वर त्यांनी आडवी रेघ वढली, आन् सोताच्या हातानं लिवलं. लिवून झाल्यावर द्वारकापुढं सरकवलं, "वाचा" म्हणून. तिनं मोठ्यानं वाचलं.

"खोलीत एसी नाही. मातीच्या भिंती, पाचटाचे छप्पर व ओले घोंगडे यांमुळे खोली पुरेशी थंड आहे. वीज बंद असताना भर दुपारी मी स्वतः तेथे तीन तास बसलो. यंत्र तेथेच राहू द्यावे व इतर अर्जदारांनाही अशी खोली चालेल असे माझे मत आहे."

राम गुंडाळलेल्या वायरी परत सोडवाया लागला. साखरबाईनं हवेत हात जोडले, साहेब कुठल्या बाजूला हायत ते तिला दिसत न्हवतं. माझं मला कळलं न्हाय, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वरसांत माझ्या बांधकामाबद्दल सरकारी कागदावानी कागदावर कुणी काय लिवलं न्हवतं.

साहेब सही कराया गेले. द्वारकानं कागदावर हात ठेवला.

"एक चूक हाय, साहेब."

"आता काय?" साहेब खरंच घाबरले.

"तुमी बसला न्हवता. झोपला हुता. खरं लिवा."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, बाकावरच्या चुरगाळलेल्या घोंगड्याकडं बघितलं. मंग 'बसलो' खोडलं, वर 'झोपलो' लिवलं, आन् त्याच्याखाली सही केली.